निवृत्तीचा हिशेब: दोघांचा, आणि मागे राहणारीचाही

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस बाहेर पडतो आणि दोन-तीन महिन्यांत त्याच्या खात्यात आयुष्यात कधी न पाहिलेली रक्कम येते. घरात पहिला प्रश्न निघतो, ‘कुठे ठेवायचे?’ खरं तर हा प्रश्न चौथ्या नंबरचा. त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: खर्च किती, तो किती वर्षं चालवायचा आणि शेवटची दहा वर्षं तो कोण चालवणार. बहुतेक घरांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बायको’ असतं आणि नेमकं तिलाच या हिशेबात कुणी बसवलेलं नसतं.

पुढचे सगळे आकडे एका नमुना जोडप्याचे आहेत. तो ५८, ती ५४, दोघं इंदुरात स्वतःच्या घरात, मुलगा पुण्याला. तो खासगी नोकरीत, शेवटचा बेसिक आणि डीए मिळून ६०,००० रुपये, नोकरी २८ वर्षांची. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत तीच.

एक वर्षाचं पासबुक

निवृत्तीला दोन वर्षं असताना हे काम सुरू करायचं. गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, क्रेडिट कार्डाची बिलं आणि यूपीआयची यादी काढून प्रत्येक खर्चावर पेन्सिलीने खूण करायची. दरमहा होणाऱ्या खर्चाला ‘म’, वर्षातून एक-दोनदा येणाऱ्याला ‘व’, आणि पाच-दहा वर्षांतून एकदा येणाऱ्याला ‘क’. वीज, किराणा, दूध, बाई, औषधं हे ‘म’. संपत्तिकर (घरपट्टी), गाडीचा विमा, गणपती-दिवाळी, आहेर, पुण्याच्या फेऱ्या हे ‘व’. इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिज, घराची रंगरंगोटी, दाताचं मोठं काम, गाडी बदलणं हे ‘क’.

चूक होते ती ‘व’ आणि ‘क’ मध्ये. ‘महिन्याला किती लागतात?’ असं विचारलं की माणूस ‘म’ सांगतो आणि मोकळा होतो. आपल्या जोडप्याचा ‘म’ ४२,००० निघाला. ‘व’ वर्षाला १,२०,००० म्हणजे महिन्याला आणखी दहा हजार. झाले ५२,०००. ‘क’ साठी वेगळी रक्कम बाजूला ठेवायची, तिचं पुढे येईलच.

मग वजाबाकी आणि बेरीज. नोकरी संपली की जाण्यायेण्याचं पेट्रोल, कॅन्टीन, गृहकर्जाचा हप्ता जातो. (हप्ता अजून चालू असेल तर निवृत्तीच्या तारखेआधी तो संपवायचं बघा. निवृत्तीनंतर कर्ज फेडणं म्हणजे मुदत ठेवीचं व्याज घेऊन त्याहून महाग व्याज भरणं.) वाढतं काय? दिवसभर घरात माणूस, म्हणून वीज आणि चहा-नाश्ता. प्रवास. आणि आरोग्यविम्याचा पूर्ण हप्ता, कारण कंपनीचं ग्रुप कव्हर सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा अवंतिका एक्स्प्रेसचं (इंदूर-मुंबई गाडी) तिकीटही पूर्ण भावाने धरायचं. बहुतेक घरांत जाणारं आणि येणारं जवळजवळ सारखंच निघतं. ‘निवृत्तीनंतर खर्च अर्ध्यावर येतो’ हे ज्यांनी हिशेब केलेला नाही त्यांचं वाक्य आहे.

येणारे पैसे: वाटतात तितके नाहीत

ग्रॅच्युइटीचं सूत्र सरळ आहे. शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. ६०,००० × १५ ÷ २६ × २८ म्हणजे ९,६९,२३०. खासगी नोकरीत २० लाखांपर्यंत ती करमुक्त असते.

गडबड ईपीएसच्या (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनमध्ये होते. लोक १५,००० × २८ ÷ ७० करतात आणि ६,००० धरून बसतात. पण पेन्शनसाठी धरायच्या पगाराची ही १५,००० ची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. त्याआधीची वर्षं ६,५०० वर मोजली जातात. आपला माणूस १९९८ ला लागला असेल तर आधीची १६ वर्षं: ६,५०० × १६ ÷ ७० = १,४८६. नंतरची १२ वर्षं: १५,००० × १२ ÷ ७० = २,५७१. वीस वर्षांहून जास्त नोकरीची दोन वर्षांची जोड धरूनसुद्धा बेरीज साडेचार हजारांच्या आत. महागाईबरोबर ती वाढत नाही. आणि तो गेल्यावर पत्नीला साधारण निम्मी मिळते, म्हणजे दोन-सव्वादोन हजार. ही पेन्शन भाजीपाल्याची समजायची. (ज्यांनी पूर्ण पगारावर पेन्शनचा पर्याय दिला होता आणि तो मंजूर झाला, त्यांचं गणित वेगळं.)

अठ्ठावन्नला पेन्शन न घेता साठपर्यंत थांबलं तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. कानाला बरं वाटतं, म्हणून मांडून बघू. ४,४०० ची पेन्शन २४ महिने सोडली, म्हणजे १,०५,६०० गेले. वाढ मिळाली महिन्याला साधारण ३६०. सोडलेले पैसे भरून यायला चोवीस वर्षांहून जास्त लागतील. थांबू नका.

पीएफचे कागद मात्र दोन वर्षं आधीच तपासा. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधारवर, पॅनवर आणि यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) अक्षरशः सारखं हवं. इंदूरच्या मराठी घरांत इथे हमखास अडतं: आधारवर नावाला ‘राव’ जोडलेलं, नोकरीच्या कागदावर नुसतं नाव आणि आडनाव, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये. पत्नीचं माहेरचं नाव कुठे, सासरचं कुठे. आधीच्या कंपनीचा पीएफ नव्या खात्यात आला का, जुन्या नोकरीची ‘सोडल्याची तारीख’ भरलेली आहे का, ई-नॉमिनेशन झालं आहे का, हे पोर्टलवर दिसतं. दुरुस्तीसाठी अनेकदा कंपनीची मंजुरी लागते. जुनी कंपनी बंद पडली असेल तर कागद गोळा करण्यातच सहा महिने जातात. नोकरी बदलताना कधी पेन्शनचा भाग काढून घेतला असेल तर ती वर्षं मोजणीतून गेली, हेही आधीच कळलेलं बरं.

नोकरी सुटल्यावर पीएफ ‘पडू दे, व्याज येतंय’ म्हणून ठेवू नका. निवृत्तीनंतर ३६ महिन्यांनी खातं निष्क्रिय होतं, आणि मधल्या काळातलं व्याज करपात्र धरलं जातं.

सरकारी पेन्शनवाल्यांचा प्रश्न वेगळा: पेन्शन विकायची की नाही? केंद्र सरकारच्या नोकरीत ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन एकरकमी घेता येते. ४०,००० पेन्शनमधले १६,००० विकले तर साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला त्यांच्या वर्षाच्या रकमेला ८.१९४ च्या गुणकाने १५,७३,२४८ मिळतात आणि पुढची १५ वर्षं दरमहा १६,००० कापले जातात, एकूण २८,८०,०००. ते साधारण नऊ टक्क्यांनी काढलेल्या कर्जासारखं आहे. पण त्यात दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळतो, आणि माणूस मध्येच गेला तर कुटुंब पेन्शनमधून ही कपात होत नाही. महाग कर्ज फेडायचं असेल किंवा तब्येत नाजूक असेल तर जरूर विका. तेच पैसे नेऊन मुदत ठेवीत टाकायचे असतील तर कशाला? मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ पासून लागलेले राज्य कर्मचारी एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्नच येत नाही. त्यांना जमा रकमेतून किमान ४० टक्क्यांची वार्षिकी (विमा कंपनीकडून नियमित पेन्शन देणारी योजना) घ्यावी लागते. ती घेताना ‘मूळ रक्कम परत’ आणि ‘पत्नीला पुढे चालू’ या पर्यायांचे आकडे शेजारी शेजारी मागून बघा.

एक कोटी किती वर्षं?

आपल्या जोडप्याकडे पीएफचे ५२ लाख, ग्रॅच्युइटीचे ९.६९ लाख आणि आधीच्या ठेवी, म्युच्युअल फंड मिळून ३८ लाख. एकूण ९९.६९ लाख, एक कोटीच म्हणा. रामबागेतल्या दिवाणखान्यात हा आकडा सांगितला तर कुणीही म्हणेल, आता काय काळजी!

खर्च महिना ५२,०००. पेन्शन ४,४००. उरले ४७,६००, वर्षाला ५.७१ लाख. महागाई सहा टक्के धरू, म्हणजे खर्च बारा वर्षांत दुप्पट. गुंतवणुकीवर कर जाऊन आठ टक्के मिळतात असं धरू, जे पूर्ण रक्कम मुदत ठेवीत ठेवून मिळणार नाही. तरी हे पैसे साधारण २१ वर्षं पुरतात. तो ७९ चा होईल. ती तेव्हा ७५ ची असेल. पैसे संपतील आणि तिची दहा-पंधरा वर्षं बाकी असतील.

हा हिशेब कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांत बसतो. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात सुरुवातीची शिल्लक, तिसऱ्यात त्या वर्षीचा उपसा (दरवर्षी ६ टक्के वाढवत), चौथ्यात (शिल्लक वजा उपसा) गुणिले १.०८. खाली ओढत जायचं. शिल्लक शून्याखाली गेली त्या ओळीसमोर पत्नीचं वय लिहायचं. ते ९० च्या आत असेल तर काहीतरी बदलायला हवं.

काय बदलता येतं? व्याजाचा टक्का वाढवून धरणं हा उपाय नाही, ती स्वतःची फसवणूक. खरे मार्ग तीन. एक, पहिली तीन वर्षं थोडी कमाई. महिना ३०,००० चं अर्धवेळ काम केलं तर पैसे साधारण अडीच वर्षं जास्त टिकतात. दुसरा, खर्च महिना ८,००० ने कमी. दुसऱ्या गाडीवर आणि दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या मोबाईलवर तेवढे सहज जातात. दोन्ही एकत्र केलं तर पैसे तीस वर्षं जातात: तो ८८, ती ८४. तिसरा मार्ग घर. मोठं घर विकून छोटं घेणं पंच्याहत्तरीला जड जातं, पासष्टीला जमतं. म्हणून घर बदलायचं असेल तर तो निर्णय निवृत्तीच्या पहिल्या पाच वर्षांतच.

तो गेल्यावर खर्च निम्मा होतो असंही धरू नका. घर, वीज, बाई, संपत्तिकर तेच राहतात. दोघांच्या खर्चाच्या सत्तर टक्के धरावेत.

मग आता कुठे ठेवायचे

चार कप्पे करा.

पहिला कप्पा नियमित उत्पन्नाचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं, २०२५-२६ मध्ये व्याज ८.२ टक्के, आणि उघडताना असलेला दर मुदतभर तोच राहतो. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. वय साठ हवं, पण निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही मिळते. अट एवढीच की निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि त्या रकमेपेक्षा जास्त ठेवायचं नाही. त्यासाठी कंपनीकडून निवृत्तीचं, रकमेचं आणि तारखेचं पत्र निरोप समारंभाच्या आधीच मागून ठेवा. नंतर एचआरमधला माणूस बदललेला असतो. जॉइंट खातं फक्त पती-पत्नीचं होतं आणि दुसऱ्या नावाला वयाची अट नाही, म्हणून तिचं नाव घालाच. पहिल्या वर्षाच्या आत खातं मोडलं तर दिलेलं व्याज परत घेतात, एक ते दोन वर्षांत दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का.

पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत जॉइंट खात्यावर १५ लाख. ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. दोन्ही मिळून २९,७५०. गरज होती ४७,६०० ची. खड्डा १७,८५० चा, वर्षाला २.१४ लाख.

दुसरा कप्पा १० लाखांचा. दोन वर्षांचा खड्डा आणि अडीअडचण, तीन-चार वेगवेगळ्या मुदत ठेवींत, म्हणजे एक मोडली तर बाकीच्यांचं व्याज बुडत नाही. तिसरा १२ लाखांचा, रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बाँडमध्ये. सात वर्षं मुदत, व्याज दर सहामाहीला, दर राष्ट्रीय बचत पत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त. ‘क’ खर्च याच्या व्याजातून भागवायचे. उरलेले ३२-३३ लाख चौथ्या कप्प्यात, इंडेक्स फंड (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणारा) आणि हायब्रिड फंडात (शेअर आणि रोखे मिळून). बाजार चढलेला असेल त्या वर्षी इथून थोडं काढून दुसरा कप्पा भरायचा. पडलेला असेल त्या वर्षी दुसऱ्यातूनच खायचं. दोन वर्षांचे पैसे बाजूला ठेवण्याचं कारण हेच आहे. पडत्या बाजारात पहिल्याच दोन-तीन वर्षांत युनिट विकावे लागले तर ते पुढच्या चढाला हजर नसतात, आणि सरासरी परतावा चांगला असूनही खातं रिकामं होतं.

‘या वयात शेअर बाजार?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर: तीस वर्षांच्या महागाईपुढे सगळेच पैसे ठेवींत ठेवणं जास्त धोक्याचं. तीस टक्क्यांच्या आसपासचा हा वाटा ज्यांना झोप लागू देत नाही त्यांनी वीस ठेवावा. शून्य ठेवू नये.

कराची भीती बाळगू नका. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी. शेअरमधल्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला मात्र ही सूट लागू नाही. तिथे वर्षाला सव्वा लाखांपुढच्या नफ्यावर १२.५ टक्के. आपल्या नमुन्यात उपसाच २.१४ लाखांचा आणि त्यातला नफा त्याहून कमी, म्हणून तिथेही फार काही लागत नाही. साठीनंतर एका बँकेतलं वर्षाचं व्याज एक लाखाच्या वर गेलं की टीडीएस कापतात. कर लागणारच नसेल तर एप्रिलमध्येच स्वघोषणेचा फॉर्म भरून द्या. राहिला तर रिटर्न भरून परत मिळवा.

दोन मोह: साख संस्था (पतसंस्था) आणि डायरीवरचा प्लॉट

बँकेतली ठेव बुडाली तर विमा एका माणसाला एका बँकेत ५ लाखांपर्यंत, व्याजासकट. त्यात सहकारी बँका येतात, सहकारी साख संस्था येत नाहीत. आपल्या लोकांत मात्र ओळखीचा संचालक, गणेशोत्सवातला परिचय आणि एक-दीड टक्का जास्त व्याज एवढ्यावर साख संस्थेत दहा-पंधरा लाख जातात. संचालक भला असेलही. विमा त्याच्या भलेपणाचा नसतो. बीसीबद्दलही (भिशी) हेच म्हणायचं: वीस जणींची पाच हजारांची बीसी ही करमणूक, दोन लाखांची बीसी ही जोखीम.

दुसरा मोह प्लॉट. सुपर कॉरिडॉर, बायपास, उज्जैन रोड, रोज नवी कॉलनी. दलाल सांगतो, ‘काका, आत्ता डायरीवर घ्या, रजिस्ट्री होईपर्यंत भाव दीडपट.’ डायरी म्हणजे कागदावर लिहिलेली पावती, कधी कधी खरोखरच एका वहीचं पान. त्यावर प्लॉट नंबर, रक्कम, सही. मालकी त्यातून सिद्ध होत नाही. ती डायरी पुढे तीन हातांत फिरते आणि कॉलनी अडकली की कुणाकडे जावं कळत नाही. प्लॉट घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी एवढं बघायचं: खसरा (जमिनीची सरकारी नोंद) कुणाच्या नावावर, जमिनीचं डायव्हर्शन (बिगरशेती वापराची मंजुरी) झालं का, टाउन अँड कंट्री प्लॅनिंगचा मंजूर नकाशा, कॉलनी विकासाची परवानगी, मध्य प्रदेश रेराचा नोंदणी क्रमांक. यातलं एकही ‘प्रक्रियेत आहे’ असेल तर उठून यायचं. आणि सगळे कागद असले तरी, ५८ व्या वर्षी उत्पन्न न देणारी, अर्धी विकता न येणारी वस्तू एकूण पैशाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त असू नये असं आमचं मत.

बँकेच्या काउंटरवर ‘खास ज्येष्ठांसाठी ठेव’ म्हणून दहा वर्षांची विमा पॉलिसीही विकली जाते. कागदावर ‘प्रीमियम’ हा शब्द दिसला की ती ठेव नव्हे. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

दवाखाना

स्वतःचा आरोग्यविमा निवृत्तीच्या दिवशी घ्यायला गेलात तर तीन वर्षं उशीर झाला. आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा थांबा लावता येतो. म्हणून ५५ व्या वर्षी, कंपनीचं कव्हर चालू असतानाच, स्वतःची पॉलिसी घ्यायची. ५८ ला कंपनीचं जातं त्याच सुमारास थांबा संपतो. बीपी, साखर, थायरॉइड सगळं लिहून द्यायचं. एजंट म्हणेल ‘लिहू नका, हप्ता वाढेल’. तो क्लेमच्या वेळी नसतो. दोघांची मिळून १० लाखांची मूळ पॉलिसी आणि १० लाखांच्या वर लागू होणारा सुपर टॉप-अप, असं घेतलं की एकट्या मोठ्या पॉलिसीपेक्षा स्वस्त पडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटीही नाही.

एक कलम नीट वाचा, खोलीच्या भाड्याची मर्यादा. समजा मर्यादा ५,००० ची आणि घेतली ८,००० ची खोली. कापलं जातं ते फक्त ३,००० रोजचं नव्हे. डॉक्टर, शस्त्रक्रिया, नर्सिंग सगळ्या संबंधित बिलांना पाच-अष्टमांश लागतो. २,४०,००० च्या बिलातले १,५०,००० मिळतात, ९०,००० तुमचे. अशी मर्यादा नसलेली पॉलिसीच घ्या.

सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ते स्वतःच्या विम्याच्या जोडीला ठेवावं, जागी नव्हे.

घर आणि मुलं

‘मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायला ग्रॅच्युइटी देऊन टाकू’ हा विचार प्रेमाचा आहे आणि हिशेबात बसत नाही. वरच्या तक्त्यात दहा लाख वजा करून बघा, तिचं कोणतं वर्ष गळतं ते. राहतं घर तर जिवंतपणी कुणाच्या नावावर करूच नये. करायचंच झालं तर बक्षीसपत्रातच लिहा की घेणारा आमचा सांभाळ करील. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, ही अट मोडली तर हस्तांतर रद्द करून घेता येतं. अट तोंडी असेल तर भांडत बसावं लागतं. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, ते वाटेकऱ्यांपैकी नकोत. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो पैसे स्वीकारणारा. बँकेत नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनींपर्यंत नावं देता येतात.

पुण्याला कायमचं जायचं असेल तर इंदूरचं घर विकण्याआधी तिकडे सलग तीन महिने राहून बघा, त्यातला एक पावसाचा. पाहुणा म्हणून पंधरा दिवस राहणं वेगळं.

इंदुरातच राहायचं असेल तर घर पाहा. सुदामानगरच्या रो-हाऊसचा वरचा मजला आणि लिफ्ट नसलेल्या मल्टीचा (फ्लॅटच्या इमारतीचा) तिसरा मजला पासष्टीपर्यंत ठीक वाटतात. न्हाणीघराचा उंबरा काढणं, कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्के धरायचे दांडे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, हे पगार चालू असतानाच करून घ्या.

वेळेचा हिशेब

पीथमपूरची नोकरी जाण्यायेण्यासकट रोजचे अकरा तास खाते. सहा दिवस, पन्नास आठवडे, वर्षाला ३,३०० तास. ते एका दिवसात मोकळे होतात. पहिले तीन महिने मजेत जातात आणि मग माणूस स्वयंपाकघरात उभा राहून डाळीत पाणी किती घालावं ते सांगू लागतो.

दोन ठरलेली कामं हवीत, ज्यात कुणीतरी तुमची वाट बघत असेल. अहिल्या लायब्ररीत पेपर वाचणं छान, पण तिथे कुणी वाट बघत नाही. शाळेत आठवड्यातून दोनदा गणित शिकवणं, संस्थेचे हिशेब लिहिणं, जुन्या कंपनीत महिन्याचे आठ दिवस जाणं, हे चालेल. सुरुवात नोकरीत असतानाच, रविवारी. निवृत्तीनंतर नवीन ओळखी करणं वाटतं त्याहून अवघड जातं. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेची नाटकं, सकाळचं नेहरू पार्क हे त्याच्या वर. आठवड्याचा निम्मा वेळ मात्र मोकळा ठेवा. निवृत्त माणूस दिसला की मोहल्ल्यातलं प्रत्येक मंडळ त्याला खजिनदार करायला बघतं.

आणि तिची निवृत्ती? तीस वर्षं तो बाहेर असताना दुपारी एक ते चार हे तास तिचे होते. आता त्यात चहाची हाक येते. बसून ठरवा: दुपारचा चहा कोण करणार, आठवड्यातून किती वेळा स्वयंपाक बंद, बाई किती कामांना. स्वयंपाकाच्या बाईचे महिन्याचे चार-पाच हजार ‘म’ खर्चात आधीच धरा. ते धरले नाहीत तर निवृत्ती फक्त एकाची होते.

तिचा महिना

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी एक महिना असा ठेवा की पैशाचं सगळं तिने करायचं. वीजबिल, पोस्टातलं व्याज जमा झालं का, विम्याचा हप्ता, एक मुदत ठेव ऑनलाइन मोडून पैसे बचत खात्यात आणणं, फंडातून पाच हजार काढणं. त्याने शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. जिथे ती अडेल तिथे चूक तिची नसते. ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जातो, फंडात तिचं नाव नाही, लॉकरवर तिची सही वीस वर्षांपूर्वीची, पासवर्ड त्याच्या डोक्यात. प्रत्येक अडथळा वहीत लिहा आणि दुसऱ्या महिन्यात एकेक दुरुस्त करा. बँक खात्यावर दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल अशी सूचना नोंदवा, तिच्या नावाचं वेगळं खातं चालू ठेवा, आणि तिचा स्वतःचा मोबाईल नंबर सगळीकडे दुसरा म्हणून द्या.

मग एक फाइल. पहिल्या पानावर खात्यांची यादी: संस्था, खाते क्रमांक, रक्कम, मुदत कधी संपते, नॉमिनी कोण. दुसऱ्या पानावर तो गेल्यावर पहिल्या महिन्यात काय करायचं ते क्रमाने: मृत्यूचा दाखला दहा प्रतींत, पत्नीच्या पेन्शनसाठी १०डी फॉर्म, बँक, पोस्ट, विमा, गाडी, वीज मीटर. तिसऱ्या पानावर तिने कुणाला फोन करावा आणि कुणाच्या सल्ल्याने अजिबात पैसे हलवू नयेत, नावांसकट. दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायचा असतोच. त्याच दिवशी ही फाइल काढून दोघांनी नवे आकडे लिहायचे. फाइल लोखंडी कपाटात ठेवायची, आणि कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच तिला दाखवायचं.